पेढी नसलेल्यांची पेढी : उद्योजकाला मेंटॉर आणि कोच कशासाठी लागतात

व्यापारी घरातला मुलगा शाळेतून आल्यावर दप्तर टाकून दुकानात बसतो, तेव्हा त्याला कोणी समोर बसवून धडा देत नाही. तो नुसता पाहत असतो. कोणत्या गिऱ्हाइकाला उधार द्यायचे आणि कोणाला गोड बोलून रोखीवर आणायचे, सणाच्या किती आधी माल भरायचा, भाव पडत असताना खरेदीची घाई का करायची नाही, आणि ठोक व्यापाऱ्याशी बोलताना वडील मध्येच गप्प का बसतात, हे सारे पंधराव्या-सोळाव्या वर्षापर्यंत त्याच्या अंगवळणी पडलेले असते. याउलट ज्या घरात आई शिक्षिका आणि वडील जिल्हा परिषदेत नोकरीला आहेत, त्या घरातल्या मुलीने तिसाव्या वर्षी खाद्यपदार्थांचा उद्योग काढला, तर तिच्यापाशी पदवी असते, जिद्द असते, कदाचित बँकेचे कर्जही मंजूर झालेले असते. परंतु ‘अमुक दुकानदाराने दोन महिने पैसे दिले नाहीत, आता काय करू’ हे रात्री जेवताना विचारावे असे घरात कोणी नसते. विचारलेच तर ‘तरी आम्ही म्हणत होतो, नोकरी बघ’ एवढेच उत्तर मिळण्याचा संभव अधिक.

नव्या उद्योजकांना मेंटॉर आणि कोच मिळवून देण्याची व्यवस्था गेल्या काही दशकांत जगभर उभी राहिली आहे. तिच्याकडे पाहण्याच्या अनेक रीती आहेत. मला ती या उणिवेच्या बाजूने पाहणे सर्वांत उपयोगाचे वाटते : ज्यांच्या घराण्यात पेढी नव्हती त्यांना पेढीवरचे शिक्षण उशिरा का होईना मिळावे, हा तिचा खरा हेतू आहे. एकदा हे ध्यानात घेतले की मेंटॉर कोणाला करावे, त्याच्याकडून काय मागावे आणि काय मागू नये, यांपैकी बऱ्याच प्रश्नांची उत्तरे आपोआप सुटू लागतात, कारण पेढीवरच्या शिक्षणाचे बळ दोनच गोष्टींत होते. शिकवणारा माणूस जवळचा होता आणि तो रोज भेटत होता.

एक अडचण, चार माणसे

हे शब्द मराठीत फार सैलपणे वापरले जातात. ‘कोचिंग’ म्हटले की आपल्याला दहावी-बारावीचे क्लास आठवतात, आणि ‘मार्गदर्शक’ हा शब्द तर निमंत्रणपत्रिकेवर पाहुण्यांच्या नावापुढेही लागतो. म्हणून व्याख्या देण्यापेक्षा एक कल्पित उदाहरण घेऊ आणि तीच अडचण चार वेगवेगळ्या माणसांच्या हाती देऊन पाहू.

समजा, सांगलीजवळच्या एका गावात एक बाई आणि तिचा नवरा मिळून चिवडा आणि चकली तयार करून दुकानांना पुरवतात. महिन्याला १,४०० किलो माल जातो. पोहे, तेल, शेंगदाणे, मसाला, गॅस, मजुरी, पाकीट आणि टेम्पोचे भाडे धरून किलोला १९० रुपये खर्च येतो आणि दुकानदाराला माल २२० रुपयांनी दिला जातो. किलोमागे ३० रुपये सुटतात, म्हणजे महिन्याचे ४२,००० रुपये झाले, असा तिचा हिशेब आहे. तरीही तेलवाल्याचे पैसे देण्याची वेळ आली की दर वेळी हात आखडतो. कागदावर नफा आहे आणि गल्ल्यात पैसा नाही.

पहिला माणूस प्रशिक्षक. त्याच्या तीन दिवसांच्या शिबिरात ती तीस जणांबरोबर बसेल आणि उत्पादनखर्च कसा काढावा, खेळते भांडवल म्हणजे काय, हे शिकेल. ते ज्ञान खरे आणि आवश्यकही आहे. परंतु तेथे तिच्या चिवड्याची वही कोणी उघडत नाही.

दुसरा सल्लागार, म्हणजे कन्सल्टंट. तो शुल्क घेतो, कारखान्यात येतो, वह्या तपासतो, मोजमाप करतो आणि काय बदलावे याचा अहवाल देतो. अनेकदा तो बदल स्वतः उभे राहून करवूनही घेतो. येथे उत्तर शोधण्याची जबाबदारी त्याची असते.

तिसरा मेंटॉर. त्याच तालुक्यात पंचवीस वर्षे बेकरी चालवलेले एखादे काका धरा. ते शुल्क घेत नाहीत, अहवालही देत नाहीत. चहा घेता घेता ते विचारतात, “ताई, परत किती येतो माल?” ती म्हणते, “येतो थोडा, काका.” “थोडा म्हणजे किती?” या प्रश्नाला तिच्यापाशी उत्तर नसते. मग चलनांचे पुस्तक निघते आणि दोघे मिळून बेरीज करतात. महिन्याला ८४ किलो माल खवट किंवा मऊ पडल्यामुळे परत येतो असे दिसते. २२० रुपयांच्या हिशेबाने हे १८,४८० रुपये झाले, आणि ४२,००० मधून ते वजा केले की २३,५२० उरतात. काका पुढे विचारतात की तुम्ही दोघे दिवसभर राबता, तुमची मजुरी कोठे धरली आहे? ती कोठेच धरलेली नसते. उरलेली रक्कम दोघांत वाटली तर प्रत्येकी ११,७६० रुपये येतात, आणि पाकिटे भरायला ठेवलेल्या मुलीला ती स्वतः १२,००० रुपये पगार देत असते. त्यात दुकानदार ४५ दिवसांनी पैसे देतात, म्हणजे चार लाखांहून अधिक रक्कम कायमची बाजारात अडकलेली. काका मग स्वतःची गोष्ट सांगतात : “माझेही टोस्ट असेच परत यायचे. मी पाहिले तर पश्चिमेला तोंड असलेल्या तीन दुकानांतून निम्म्याहून जास्त येत होते. दुपारभर बरणीवर ऊन. त्या तिघांना मी महिन्याचा माल देणे बंद केले आणि दर आठवड्याला थोडा थोडा देऊ लागलो.” चलने पुन्हा चाळली जातात आणि ८४ पैकी ६० किलोंहून अधिक माल खरोखरच तीन दुकानांतून आलेला निघतो.

चौथा माणूस कोच. त्याने चिवडा कधी तळलेला नसेल आणि बेकरीही चालवलेली नसेल. परतीचा माल कमी करायचा हे तिला आता कळले आहे, तरी दोन महिने उलटून गेले आणि त्या तीन दुकानदारांशी ती बोललेली नाही. कोचचे काम येथे सुरू होते. तो विचारतो, “त्यांना सांगायचे म्हटले की मनात काय येते?” ती म्हणते, “ते माल घेणेच बंद करतील.” “तिघांनीही बंद केला तर महिन्याला किती नुकसान?” हिशेब केल्यावर असे दिसते की त्या तिघांपायी ती आजच तोट्यात आहे. “मग भीती नेमकी कशाची आहे?” बराच वेळ ती काही बोलत नाही आणि मग सांगते की त्यांतला एक दुकानदार नवऱ्याचा मामेभाऊ आहे.

या शेवटच्या वाक्यापर्यंत पोहोचण्यासाठी प्रशिक्षकाचा तक्ता पुरत नाही आणि सल्लागाराचा अहवालही पुरत नाही. थोडक्यात, मेंटॉर आपला अनुभव देतो आणि कोच उद्योजकाला त्याच्याच मनातले उत्तर उघड्यावर आणायला लावतो. प्रत्यक्षात एकच माणूस दोन्ही कामे करतो, आणि चांगला मेंटॉर अर्धा कोच असतोच. तरी कोणत्या वेळी आपल्याला काय हवे आहे हे उद्योजकाला ठाऊक असले तर भेट वाया जात नाही.

न खेळणाऱ्याने खेळायला कसे शिकवावे

ज्याने धंदा केला नाही तो धंदेवाल्याला काय शिकवणार, ही शंका कोचच्या बाबतीत हमखास घेतली जाते. तिचे उत्तर आपल्याला शिवाजी पार्कवर सापडते. रमाकांत आचरेकर प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले होते, आणि सचिन तेंडुलकर त्यांच्या हाताखाली घडला. सरावाच्या अखेरीस सचिन थकला की आचरेकर सर यष्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवत. जो गोलंदाज त्याला बाद करील त्याचे नाणे, आणि तो शेवटपर्यंत नाबाद राहिला तर नाणे त्याचे. फटका कसा मारावा याचे उत्तर त्या नाण्यात नव्हते. थकलेल्या मुलाचे लक्ष पुन्हा एका बिंदूवर आणण्याची युक्ती त्यात होती, आणि कोचचा धंदा म्हणजे मुख्यतः हीच युक्ती.

व्यवसायातील कोचिंग खेळाच्या मैदानावरूनच कार्यालयात आले. अमेरिकेत बिल कॅम्पबेल हे आधी कोलंबिया विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचे प्रशिक्षक होते आणि पुढे गूगलच्या संस्थापकांचे आणि स्टीव्ह जॉब्सचे सल्ल्याचे माणूस झाले. ब्रिटनमध्ये सर जॉन व्हिटमोर या माजी मोटार-शर्यतपटूने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात संभाषणाचा चार पायऱ्यांचा साचा लोकप्रिय केला. तो आजही अनेक कोच वापरतात. आधी कोठे पोहोचायचे आहे ते ठरवायचे, मग आज आपण नेमके कोठे उभे आहोत ते आकड्यांनिशी पाहायचे, त्यानंतर सुचतील तेवढे सगळे मार्ग मांडायचे आणि अखेरीस त्यांतला एक धरून कोण, काय, कोणत्या तारखेपर्यंत करणार याचे वचन घ्यायचे. वाचताना हे बाळबोध वाटते. पण आपण रोज कसे वागतो ते आठवून पाहावे : पहिली पायरी धूसर ठेवून आणि दुसरी पूर्णपणे गाळून आपण थेट तिसरीवर उडी मारतो, आणि चौथी येण्याआधी चहा संपलेला असतो.

पुरावा काय सांगतो

सल्ल्याने धंदा सुधारतो हे म्हणणे सोपे आहे. ते सिद्ध करणे अवघड, कारण जो सल्ला घ्यायला जातो तो मुळातच अधिक धडपड्या असू शकतो. म्हणून अर्थशास्त्रज्ञ औषधांच्या चाचणीसारखी चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडण्याची पद्धत वापरतात. अशा प्रयोगांतला एक फार गाजलेला प्रयोग आपल्या अंगणातच झाला. निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईच्या उत्तरेला तारापूर आणि उंबरगाव या भागांतील १७ कंपन्यांचे २८ कापड कारखाने निवडले. यांतल्या काही कारखान्यांना केवळ महिनाभराचे निदान मिळाले, तर काहींना निदानाबरोबरच पुढचे चार महिने एका आंतरराष्ट्रीय सल्लागार कंपनीची माणसे कारखान्यात उभे राहून प्रत्यक्ष मदत करत होती. सुचवलेल्या ३८ गोष्टींमध्ये अद्भुत असे काही नव्हते. सुताच्या गोदामात कोणता माल कोठे आहे त्याची नोंद ठेवणे, माग बिघडण्याआधी त्याची देखभाल करणे, कापडातले दोष रोज लिहून त्यांवर बैठक घेणे, जमीन स्वच्छ ठेवणे, अशा या साध्या गोष्टी होत्या. पहिल्याच वर्षात मदत मिळालेल्या कारखान्यांची उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. मालक इतके दिवस हे का करत नव्हते, याचे संशोधकांना मिळालेले कारण अधिक बोलके आहे : कित्येकांना या गोष्टी माहीत नव्हत्या, आणि ज्यांना माहीत होत्या त्यांचा त्यांच्यापासून फायदा होईल यावर विश्वास नव्हता. आपले उत्तम चालले आहे, असेच त्यांना वाटत होते. बाहेरचा डोळा लागतो तो यासाठी.

तारापूरला गेली ती मात्र महागडी, सल्लागारांची मदत होती. निव्वळ मेंटॉरिंगचा कस केनियात लागला. नैरोबीच्या दांडोरा या गरीब वस्तीतील छोटा धंदा करणाऱ्या स्त्रियांचे वायट ब्रूक्स, केव्हिन डोनोव्हन आणि टेरेन्स जॉन्सन यांनी गट पाडले. एका गटाला विद्यापीठातील शिक्षकांनी व्यवसायाचे वर्ग दिले आणि दुसऱ्या गटातील प्रत्येकीची त्याच वस्तीतल्या एका जुन्या, यशस्वी व्यावसायिक बाईशी गाठ घालून दिली. वर्गात बसलेल्यांच्या नफ्यात काही फरक पडला नाही. मेंटॉर मिळालेल्यांचा नफा मात्र सरासरी सुमारे २० टक्क्यांनी वाढला. त्या बायकांनी एकमेकींना सांगितले तरी काय? मोठी तत्त्वे नाहीत. कोणत्या पुरवठादाराकडे माल स्वस्त मिळतो, ही त्यातली महत्त्वाची गोष्ट होती. विद्यापीठातल्या शिक्षकाला दांडोऱ्यातला स्वस्त पुरवठादार ठाऊक असणे शक्यच नव्हते. या अभ्यासाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे : भेटी थांबल्या तसा तो फायदाही ओसरत गेला. बाजार बदलतो, पुरवठादार बदलतात आणि गेल्या वर्षीची माहिती शिळी होते.

हे दोन्ही निष्कर्ष एकत्र ठेवले की पेढीचेच दोन गुण पुन्हा समोर येतात, जवळीक आणि नियमितपणा. आपल्याकडे मात्र बरोबर उलटे घडताना दिसते. सभागृहात मोठ्या उद्योगपतीचे तासभर भाषण होते, सेल्फी निघतात, आणि त्याला ‘मेंटॉरिंग सत्र’ असे नाव मिळते. कोट्यवधींची उलाढाल करणारा तो गृहस्थ सांगलीच्या दुकानदाराकडून परत येणाऱ्या चिवड्याबद्दल काय सांगणार? त्याची ही अडचण मिटून चाळीस वर्षे झालेली असतात.

सल्ला देणाऱ्याची स्वतःची शिस्तही महत्त्वाची ठरते. भारतातील तंत्रज्ञान क्षेत्रातल्या १०० नवउद्योगांच्या संस्थापकांना चिठ्ठ्या टाकून जोडीदार देण्यात आले आणि त्यांनी एकमेकांना माणसे कशी सांभाळावीत याबद्दल सल्ला दिला. ज्यांच्या वाट्याला नियमित बैठका घेणारा, उद्दिष्टे ठरवणारा आणि कर्मचाऱ्यांना वेळच्या वेळी त्यांच्या कामाबद्दल सांगणारा जोडीदार आला, त्यांचे उद्योग पुढच्या दोन वर्षांत इतरांपेक्षा २८ टक्क्यांनी मोठे झाले आणि बंद पडण्याचे प्रमाणही कमी राहिले. म्हणजे बरोबरीचा माणूसही मेंटॉर होऊ शकतो, फक्त त्याचे स्वतःचे घर नीट असले पाहिजे.

ही माणसे भेटतात कोठे

निवृत्त अनुभवी लोकांनी लहान उद्योजकांना फुकट सल्ला द्यावा या कल्पनेला अमेरिकेत १९६४ साली ‘स्कोअर’ या संस्थेचे रूप मिळाले. ब्रिटनमध्ये १९७६ साली प्रिन्स्स ट्रस्ट सुरू झाला आणि त्या धर्तीवर १९९२ मध्ये भारतात भारतीय युवा शक्ती ट्रस्ट उभा राहिला. प्रत्येक तरुण उद्योजकामागे एक स्वयंसेवी मेंटॉर, ही त्याची पद्धत असून पुण्याच्या परिसरातही त्याचे काम चालते. त्याच वर्षी सिलिकॉन व्हॅलीतल्या भारतीय उपखंडातील उद्योजकांनी ‘टाय’ ही संघटना स्थापन केली. तिच्या शाखा मुंबईत आणि पुण्यातही आहेत. पुण्यात डॉ. आनंद देशपांडे यांनी सुरू केलेले देआसरा फाउंडेशन लहान व्यवसायांना हात देते. विज्ञान-तंत्रज्ञानावर आधारलेल्या उद्योगांसाठी आयआयटी मुंबईचे ‘साइन’ आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारातले व्हेंचर सेंटर ही केंद्रे आहेत.

म्हसवडच्या माणदेशी महिला बँकेच्या कामापाशी मात्र मी थोडा अधिक थांबतो. सातारा जिल्ह्यातील माण या दुष्काळी तालुक्यात चेतना गाला सिन्हा यांच्या पुढाकाराने १९९७ मध्ये ही बँक सुरू झाली. बँकेसाठी केलेला पहिला अर्ज नाकारला गेला होता, कारण प्रवर्तक बायकांपैकी अनेकजणी अंगठा उठवणाऱ्या होत्या. त्या अक्षरे शिकून परत गेल्या आणि आम्ही तोंडी व्याज काढतो, तुमच्या अधिकाऱ्यांनी यंत्राशिवाय काढून दाखवावे, असे त्यांनी रिझर्व्ह बँकेत सांगितले, ही हकिकत चेतनाताईंनी अनेकदा जाहीरपणे सांगितली आहे. कर्ज दिले तरी धंदा कसा करावा हे विचारायला बायकांना कोणी नाही, हे कळल्यावर तेथे उद्योगिनी शाळा आणि पुढे फिरत्या बसमधले वर्ग सुरू झाले. शेळीपालन करणाऱ्या बाईला शेळीपालन केलेलीच बाई भेटावी, हे तत्त्व तेथे कोणत्याही अभ्यासाची वाट न पाहता आले.

वेगळ्या टोकाला अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठाची ‘व्हेंचर मेंटॉरिंग सर्व्हिस’ ही उद्योजकांना मेंटॉर मिळवून देणारी सेवा आहे. ती २००० साली सुरू झाली. तेथे एका उद्योजकासमोर एकाच वेळी तीन-चार मेंटॉर बसतात. एकाच्या हट्टाला दुसरा लगाम घालतो आणि उद्योजकालाही मतभेद समोरासमोर ऐकायला मिळतात. शिवाय मार्गदर्शन चालू असेपर्यंत मेंटॉरने त्या उद्योगात पैसे गुंतवू नयेत, असा तेथे दंडक आहे. दुसरा नियम आपल्याकडच्या प्रत्येक संस्थेने भिंतीवर लिहून ठेवावा असा आहे.

पैसा, भागी आणि दहा तोंडांचे सल्ले

कारण घोटाळा येथेच होतो. कोच शुल्क घेतो, ते योग्यच आहे. तो त्याचा व्यवसाय आहे. मात्र कोच म्हणवून घेण्यासाठी आपल्याकडे कोणताही सरकारी परवाना लागत नाही, त्यामुळे आधी कोणाबरोबर काम केले हे विचारणे आणि त्यांतल्या दोघांशी स्वतः बोलणे हाच परवाना समजावा. मेंटॉर साधारणपणे पैसे घेत नाही. मोठे होऊ पाहणाऱ्या खाजगी कंपन्यांमध्ये त्याला कधी कधी थोडे समभाग देतात. ते सहसा एका टक्क्याच्या आत असतात आणि एकदम न देता वर्ष-दोन वर्षांत टप्प्याटप्प्याने दिले जातात, म्हणजे तो तीन भेटींनंतर दिसेनासा झाला तर बाकीचे समभाग कंपनीकडेच राहतात. पण साध्या भागीदारीत चालणाऱ्या उद्योगात कोणी ‘पैसे नकोत, दहा टक्के भागी द्या’ म्हणू लागला, तर सावध व्हावे. १९३२ च्या भागीदारी कायद्यानुसार भागीदार हा पेढीच्या नावाने व्यवहार करू शकतो आणि त्याने केलेल्या देण्यासाठी बाकीच्या भागीदारांचे घरही पणाला लागू शकते. सल्ल्याची ती किंमत होऊ शकत नाही.

मेंटॉरचा लेखापालही त्याचाच भाचा, यंत्र विकणाराही त्याचाच मित्र आणि कर्ज मिळवून देणाराही त्याच्याच ओळखीचा, असे दिसू लागले तर तो मेंटॉर नसून दलाल आहे. दलालीत वाईट काही नाही, ती उघड असावी एवढेच.

दुसरी अडचण अशी की दहा जणांना विचारले की दहा सल्ले मिळतात. नवउद्योगांच्या केंद्रांत तर एकाच आठवड्यात पंधरा मेंटॉरांशी भेटी ठरतात, आणि आठवड्याच्या शेवटी बिचाऱ्या संस्थापकाला आपण काय विकतो हेही आठवेनासे होते. यावर एक साधा प्रश्न उपयोगी पडतो : “हे तुम्ही स्वतः केले होते का, आणि केव्हा?” अनुभवाला तारीख असते. ज्याने धंदा २००५ साली वाढवला त्याने जीएसटी पाहिला नव्हता आणि मोबाइलवरून येणारे पैसेही पाहिले नव्हते. त्याचा माणसांबद्दलचा सल्ला टिकाऊ असेल, करांबद्दलचा नसेल.

माहिती आणि शहाणपण यांतला फरकही येथे दिसतो. दुकानदाराने पैसे थकवले तर नोंदणीकृत सूक्ष्म आणि लघु उत्पादकाला २००६ च्या कायद्याचा आधार आहे. करार कसाही असला तरी खरेदीदाराने ४५ दिवसांच्या आत पैसे दिले पाहिजेत आणि उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. ही माहिती कोणीही सांगू शकतो. परंतु नोटीस धाडली तर पैसे येतील आणि दुकान जाईल, तेव्हा दिवाळीचा माल निघेपर्यंत थांबावे की आजच धाडावी, हे त्या बाजारात उठबस असलेला माणूसच सांगू शकतो.

उद्योजकानेही रिकाम्या हाताने जाऊ नये. भेटीच्या दोन दिवस आधी एक पानभर लिहून पाठवावे : गेल्या महिन्याची विक्री, हातातली रोकड, बाजारातील उधारी, मागच्या वेळी कबूल केलेल्या कामांतील किती झाली आणि आज विचारायचा एकच प्रश्न. पाच प्रश्न नेले तर गप्पा होतात. एक नेला तर निर्णय होतो. महिन्यातून दोनदा तास-दीड तास भेटावे, सहा महिन्यांनी पुढे चालू ठेवायचे की नाही हे दोघांनी मोकळेपणाने ठरवावे, आणि धंद्याचे आकडे बाहेर जाणार नाहीत हे पहिल्याच दिवशी बोलून, शक्य तर लिहून घ्यावे. निर्णय नेहमी उद्योजकाचाच असतो. काकांचे ऐकले आणि तोटा झाला, असे म्हणण्याची सोय या नात्यात नाही, कारण बँकेचा हप्ता काकांच्या खात्यातून जात नाही.

भेटी थांबल्यानंतर

तारापूरच्या संशोधक मंडळींनी आठ-नऊ वर्षांनंतर त्याच कारखान्यांत पुन्हा जाऊन पाहिले. सुरू केलेल्या सुधारणांपैकी जवळजवळ निम्म्या सुटल्या होत्या. जेथे व्यवस्थापक बदलला किंवा मालकाला वेळ उरला नाही तेथे त्या मावळल्या होत्या. उरलेल्या निम्म्या मात्र कोणी पाहायला येत नसतानाही चालू होत्या, आणि मदत न मिळालेल्या कारखान्यांपेक्षा हे कारखाने तेव्हाही पुढे होते. म्हणून मेंटॉरशी होणाऱ्या प्रत्येक भेटीतून एक तरी अशी गोष्ट निघावी की जी वहीत, तक्त्यात किंवा वारात बसेल आणि जिला पुढे मेंटॉरची गरज पडणार नाही.

आपल्या कल्पित बाईकडे परत जाऊ. तिने अखेर त्या मामेभावालाही इतर दोघांप्रमाणेच आठवड्याचा माल द्यायला सुरुवात केली. तो महिनाभर रुसला, आणि आपल्या दुकानातली बरणी उन्हातून आत घेऊन पुन्हा बोलू लागला. काका मुलाकडे पुण्याला राहायला गेले आणि भेटी थांबल्या. शनिवारी संध्याकाळी भट्टी विझली की ती मात्र खिळ्याला टांगलेली दोनशे पानी वही काढते आणि त्या आठवड्यात कोणत्या दुकानातून किती किलो परत आले ते लिहिते : दुकानाचे नाव, पाकिटावरची तारीख, वजन. चौथा रकाना काकांनी सांगितलेला नव्हता. तो तिने स्वतः आखला आहे, आणि त्यात ती बरणी दुकानात कोठे ठेवली होती ते लिहिते.